कादंबरीचा करार: सही करण्याआधी काय वाचायचं

मराठीत पहिली कादंबरी लिहिणारा माणूस तिच्यावर दोन-चार वर्षं सहज घालवतो. एकेक प्रकरण तीन-तीनदा लिहितो, एखाद्या संवादासाठी रात्र जागवतो. आणि मग प्रकाशकाने पुढे केलेल्या दोन पानी करारावर मात्र समोरचा चहा निवायच्या आत सही करून मोकळा होतो. पुस्तक निघतंय याचाच आनंद इतका असतो की 'या कलमाचा अर्थ काय हो?' असं विचारणंसुद्धा त्याला आगाऊपणाचं वाटतं. कित्येक ठिकाणी तर कागदच नसतो. 'आपण घरचेच आहोत, तुम्ही लिहीत राहा' एवढ्या शब्दावर आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात आणि पुढे बिनसलं की दोघांकडेही दाखवायला काही नसतं.

मला हे बघवत नाही. कथा-कादंबरीतून मराठीत मिळणारे पैसे मुळात थोडे. ते थोडेही केवळ माहिती नाही म्हणून हातचे जावेत, हे वाईट आहे. खरं तर या बाबतीत कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे आणि तो समजायला फार अवघडही नाही.

हक्क तुमचा होतो कधी?

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यानुसार तुम्ही कथा कागदावर किंवा संगणकावर उतरवलीत की त्याच क्षणी त्या मजकुराचे मालक तुम्ही. नोंदणी लागत नाही, पुस्तक छापून यावं लागत नाही, वर्तुळातल्या 'सी'चं चिन्हही लागत नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करता येते, साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. उद्या वाद झाला तर ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण तिच्यामुळे हक्क जन्माला येत नाही. आयएसबीएन मिळाला की पुस्तक आपल्या नावावर झालं, असाही एक समज आहे. तो क्रमांक केवळ पुस्तक ओळखण्यासाठी असतो. आपल्या देशात तो सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो आणि मालकीशी त्याचा संबंध नाही.

मालकी मात्र मजकुराची असते, कल्पनेची नाही. 'गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेला कामगार' ही कल्पना कोणाच्याच मालकीची होऊ शकत नाही. त्या कल्पनेला तुम्ही दिलेली माणसं, प्रसंगांची गुंफण, संवाद, वर्णनं ही तुमची. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे फार स्वच्छ सांगितलं. त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला, अशी त्यांची तक्रार होती. प्रांतवाद हा विषय दोन्हीकडे होता, पण न्यायालय म्हणालं की विषय, कल्पना, कथानकाचा सांगाडा यांवर कॉपीराइट नसतो. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला 'ही तर त्याचीच नक्कल' असं निःसंशय वाटलं पाहिजे. तसं इथे वाटत नव्हतं, आणि आनंद खटला हरले. म्हणून निर्मात्याला कॉफी पिता पिता गोष्ट ऐकवण्यापेक्षा ती आधी पूर्ण लिहून काढा, ईमेलने पाठवा, मग बोला. पटकथा लिहिणाऱ्यांसाठी मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या संहिता नोंदवून घेते. ती सोय वापरावी.

'सर्व हक्क' म्हणजे किती?

एका कादंबरीत अनेक हक्क असतात: मराठीत छापण्याचा, ई-पुस्तक काढण्याचा, ध्वनिपुस्तकाचा, हिंदी-इंग्रजी-कन्नड अशा प्रत्येक भाषेतल्या अनुवादाचा, नाट्यरूपांतराचा, चित्रपटाचा, वेब मालिकेचा. हा प्रत्येक हक्क वेगवेगळ्या माणसाला, वेगवेगळ्या मुदतीसाठी देता येतो. आणि देण्याचे प्रकार दोन. घराचं जसं एक खरेदीखत असतं आणि एक लिव्ह अँड लायसन्स, तसंच इथेही आहे. पहिल्यात हक्क विकून टाकला जातो. दुसऱ्यात मालकी तुमच्याकडेच राहते आणि समोरच्याला ठरावीक काळ वापरण्याची परवानगी मिळते. कराराच्या मथळ्यावर काहीही असो, आतल्या मजकुरात 'हस्तांतरित करीत आहे' असं आहे की 'परवाना देत आहे' असं, ते आधी बघा. पहिल्या कादंबरीसाठी तरी परवाना पुरतो. प्रकाशकाला पुस्तक छापून विकायचं असेल तर त्याला मालक होण्याची गरज नसते.

आता एक वाक्य बघू. शब्द थोडे इकडेतिकडे, पण अशा वळणाचं वाक्य कितीतरी करारांत सापडेल: 'सदर साहित्यकृतीचे मुद्रण, प्रकाशन, अनुवाद, रूपांतर इत्यादी सर्व हक्क, सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांसह, लेखक प्रकाशकास कायमस्वरूपी देत आहे.'

यात 'अनुवाद' आणि 'रूपांतर' हे शब्द सवयीने आलेले असतात. विचारा की, गेल्या दहा वर्षांत तुमच्याकडच्या किती पुस्तकांचे अनुवाद तुम्ही स्वतः खटपट करून घडवून आणलेत? उत्तर भरघोस असेल तर हक्क द्या, मिळणाऱ्या रकमेतला वाटा ठरवून. नसेल तर ते दोन शब्द खोडायला सांगा. 'इत्यादी' हा शब्द करारात असूच नये. कायदाच म्हणतो की करारात कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, किती हे लिहिलं पाहिजे. मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरता. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने एक वर्ष वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास तो हक्क परत लेखकाकडे येतो. ही तरतूद फार थोड्या लेखकांना ठाऊक असते. 'कायमस्वरूपी' हा शब्द मात्र या पाच वर्षांच्या संरक्षणावर पाणी फिरवतो, कारण मग मुदत 'लिहिलेली' असते. म्हणून सगळ्यात आधी तो शब्द काढायचा.

राहिलं 'भविष्यातील सर्व माध्यमे'. २०१२ च्या दुरुस्तीने इथे लेखकाला चांगला आधार दिला. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क त्या माध्यमाचा खास उल्लेख असल्याशिवाय दिला गेला असं मानलं जात नाही. ही फक्त कायद्याच्या पुस्तकातली गोष्ट नाही. ध्वनिपुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल हे ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि मराठी कादंबऱ्या कानांनी ऐकणारा नवा वाचकवर्ग बघता बघता उभा राहिला. ज्यांच्या करारात फक्त छापील पुस्तक होतं, त्यांच्याकडे ध्वनिपुस्तकाचा हक्क शाबूत होता. ज्यांनी 'सर्व हक्क' लिहून दिले होते, त्यांना आधी जुना कागद शोधून वकिलाला दाखवणं भाग होतं.

तेच वाक्य मी असं लिहायला सांगेन: 'सदर कादंबरीची मराठी भाषेतील छापील आवृत्ती भारतात प्रकाशित करण्याचा व विकण्याचा परवाना लेखक प्रकाशकास पाच वर्षांसाठी देत आहे. अन्य सर्व हक्क लेखकाकडे राहतील.' शब्द कमी आहेत, आणि भांडणाला जागाही कमी आहे.

याला आणखी एक कलम जोडून घ्या, पुस्तक बाजारातून नाहीसं झालं तर काय याचं. आवृत्ती संपते, वाचक विचारत राहतात, प्रकाशक 'बघू, काढू' म्हणत वर्षं काढतो आणि लेखक दुसरीकडे जाऊ शकत नाही. मराठीत हे इतकं सर्रास आहे की त्याबद्दल कोणी चिडतही नाही. आवृत्ती संपल्यावर लेखकाने पत्र दिलं आणि सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर परवाना आपोआप संपेल, एवढं वाक्य पुरतं. आता मागणीनुसार एकेक प्रतही छापता येते, त्यामुळे 'पुस्तक उपलब्ध आहे' असं कागदोपत्री कायम म्हणता येतं. म्हणून 'वर्षाला अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर' अशी अट घालावी.

चाळीस रुपयांचा हिशेब

समजा कादंबरीची छापील किंमत ४०० रुपये आहे. पूर्वी पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असायची. आता पाचशे, तीनशे असंही चालतं. आपण पाचशे धरू. रॉयल्टी दहा टक्के. मराठीत नव्या लेखकाला साधारण एवढी सांगितली जाते, नाव झालेल्यांना पंधरापर्यंत मिळते.

दहा टक्के कशावर, हा खरा प्रश्न. छापील किमतीवर असेल तर एका प्रतीमागे ४० रुपये. भेटीदाखल आणि अभिप्रायासाठी वाटलेल्या चाळीस प्रती वजा केल्या तर ४६० प्रतींचे १८,४०० रुपये. पण करारात 'निव्वळ विक्री रकमेवर' असं असेल तर चित्र बदलतं. वितरक आणि विक्रेता यांचं मिळून कमिशन ४५ टक्के धरा. प्रकाशकाच्या हातात प्रतीमागे २२० रुपये येतात, त्याचे दहा टक्के २२. तेवढ्याच प्रतींचे झाले १०,१२०. दोन शब्दांच्या फरकाने आठ हजारांहून जास्त रुपये गेले, आणि दोन्ही लेखक बाहेर 'मला दहा टक्के मिळतात' असंच सांगणार. निव्वळ रकमेवर रॉयल्टी देणं ही लबाडी नव्हे, ई-पुस्तकांत तोच रिवाज आहे. फक्त मग टक्के जास्त मागायला हवेत. छापील किमतीवरच्या दहाच्या बरोबरीला यायला इथे अठरा टक्के लागतील.

प्रकाशकाची बाजूही इथे सांगितली पाहिजे. त्या ४०० रुपयांतून त्याला कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, टपाल आणि उधारी एवढं सगळं भागवायचं असतं. विक्रेत्याकडून पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. ग्रंथालयांची खरेदी सरकारी अनुदानावर अवलंबून आणि अनुदान हप्त्याहप्त्याने, उशिरा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. कथा-कादंबरीचा मोठा आधार तीच आहेत, आणि त्यांची खरेदी थांबली की सगळा व्यवसाय थांबल्यासारखा होतो. त्यामुळे प्रामाणिक प्रकाशकाकडेही पैसे वेळेवर नसतात. हे समजून घ्यावं, हिशेब मात्र सोडू नये. दर वर्षी मार्चनंतर तीन महिन्यांच्या आत किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती उरल्या याचा कागद मिळेल, असं करारात हवं. 'आवृत्ती' या शब्दावरही विसंबू नका. कोणी दोनशे प्रतींनाही आवृत्ती म्हणतं आणि 'सहावी आवृत्ती' अशी पट्टी लावतं. प्रत्येक मुद्रणाचा आकडा लेखी मागा.

वर्षाची रॉयल्टी ५० हजारांच्या पुढे गेली तर प्रकाशक दहा टक्के टीडीएस कापतो. तो विवरणपत्र भरून जुळवून घेता येतो. जुन्या करप्रणालीत राहिलेल्या लेखकाला पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

वर्षाला वीस हजारांत घर चालत नाही, हे उघड आहे. मराठीतले बहुतेक कथालेखक म्हणूनच प्राध्यापक, बँकेतले, कचेरीतले, शेती सांभाळून लिहिणारे आहेत. नोकरी सोडून कादंबरीवर जगायचं ठरवणाऱ्याला मी हा हिशेब आधी कागदावर मांडायला सांगेन.

लेखकाकडूनच पैसे घेतले तर

'छपाईचा खर्च तुम्ही द्या' किंवा 'दोनशे प्रती तुम्ही घ्या' असं सांगणारे पुष्कळ आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. मात्र पैसे तुमचे असतील तर समोरचा माणूस तुमचा प्रकाशक राहत नाही, तो तुम्हाला सेवा देणारा होतो. मग छापलेल्या प्रती तुमच्या, हक्क पूर्णपणे तुमचे, विक्रीतला मोठा वाटा तुमचा, आणि मुखपृष्ठापासून छपाईपर्यंतच्या फाइल्सही तुमच्या ताब्यात. खर्च लेखकाचा आणि रॉयल्टी मात्र दहा टक्के, असा करार कोणी पुढे केला तर तिथून उठावं. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे, आणि कथा-कादंबरी दोन्ही तिच्यात बसतात.

दिवाळी अंकात छापून आलं म्हणजे

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे ती परंपराच झाली. आधी अंकात, मग पुस्तकात, हा मराठी कथेचा जुना रस्ता आहे. अंकाला कथा देताना तुम्ही एकदा छापण्याची परवानगी देता. तुम्ही त्या अंकाचे पगारी नोकर नसाल आणि वेगळं काही लिहून दिलं नसेल, तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. संग्रह काढताना संपादकांचे आभार जरूर माना, पण त्यांची परवानगी लागत नाही. हल्ली काही अंक ई-आवृत्ती आणि श्राव्य आवृत्तीही काढतात. ती परवानगी वेगळी, तिचं मानधनही वेगळं मागावं.

संपादनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण हेही करारात येतं. 'आवश्यक ते संपादन करण्याचा अधिकार प्रकाशकास राहील' या वाक्याला नवा लेखक एकतर घाबरतो, नाहीतर लक्षच देत नाही. चांगला संपादक मिळणं हे लेखकाचं भाग्य असतं. श्री. पु. भागवतांनी 'मौज' आणि 'सत्यकथा'तून लेखकांच्या मजकुरावर घेतलेली मेहनत मराठीला माहीत आहे. शब्दाशब्दावर चर्चा, सूचना, पुन्हा लेखन, पण शेवटचा निर्णय लेखकाचा. करारात नेमकं तेच उतरवायचं: 'बदल लेखकाच्या संमतीने केले जातील आणि छपाईपूर्वी अंतिम मुद्रित लेखकाकडे तपासायला येईल.' कादंबरीतल्या पात्राची वऱ्हाडी किंवा मालवणी कोणीतरी परस्पर 'शुद्ध' करून टाकली तर ते दुःख रॉयल्टीने भरून येत नाही.

पडद्यावर जाताना

निर्माता येतो तेव्हा तो बहुतेक वेळा लगेच हक्क विकत घेत नाही. तो 'ऑप्शन' मागतो. म्हणजे वर्षभर किंवा दीड वर्ष ही कादंबरी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, त्याबद्दल थोडी रक्कम. तेवढ्यात त्याचं जमलं तर ठरलेली पूर्ण रक्कम, नाही जमलं तर हक्क तुमच्याकडे परत आणि ती थोडी रक्कमही तुमचीच. फुकटचा ऑप्शन देऊ नका, आणि पुढची पूर्ण रक्कम आजच लिहून घ्या. चित्रपट, वेब मालिका, दुसऱ्या भाषेतला रीमेक, पुढचा भाग हे सगळं 'दृकश्राव्य हक्क' या एका शब्दात गुंडाळलं जातं, ते सुटं करून घ्या.

हक्क विकल्यावरही एक अधिकार लेखकाकडे उरतो. कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाला आहे. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवरून 'समय की धारा' हा चित्रपट तयार झाला. कादंबरीचा विपर्यास झाल्याची तक्रार घेऊन त्या न्यायालयात गेल्या. हक्क रीतसर विकलेले होते. तरीही १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रूपांतर करताना आवश्यक बदल करता येतील, पण करारात हक्क दिले म्हणून लेखकाचा हा अधिकार संपत नाही. कादंबरीकारासाठी मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

तुमच्यानंतर

आपल्याकडे कॉपीराइट लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत आली तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली आणि त्याचा फायदा सगळ्यांनाच मिळाला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणालाही छापता येतात. 'श्यामची आई'च्या इतक्या वेगवेगळ्या प्रती दुकानात दिसतात त्या यामुळे.

आजच्या चाळिशीतल्या लेखकाची कादंबरी त्याच्या नातवंडांच्या काळातही हक्काखाली असेल. मराठी पुस्तकात मुद्रक, मुखपृष्ठकार यांची नावं असतात त्या पानावर 'सर्व हक्क' पुढे पत्नीचं नाव छापायची जुनी पद्धत आहे. प्रेमाने केलेलं असतं ते. पण नुसतं नाव छापल्याने हक्क जात नाही, त्यासाठी सही केलेला लेखी कागद लागतो. तो नसेल तर मृत्यूनंतर हक्क सगळ्या वारसांत विभागला जातो. मग पुस्तक पुन्हा काढू इच्छिणाऱ्या प्रकाशकाला एक मुलगी पुण्यात, एक मुलगा अमेरिकेत, एका भावंडाचं दुसऱ्याशी बोलणं नाही, अशा सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. बहुतेक जण तो नाद सोडून देतात आणि कादंबरी बाजारातून जाते ती कायमची. मृत्युपत्रात घराचा आणि दागिन्यांचा उल्लेख असतो, पुस्तकांचा नसतो. तिथे प्रत्येक पुस्तकाचं नाव, कोणत्या प्रकाशकाशी कधीपर्यंतचा करार आहे, उत्पन्न कोणाला मिळावं आणि परवानगी देण्याचा निर्णय कोणत्या एका माणसाने घ्यावा, हे लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. करारांच्या प्रतीही त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.